आयपीसपासून पडद्यापर्यंत : डिजिस्कोपिंगचा इतिहास

ट्रायपॉडवर बसवलेल्या स्पॉटिंग स्कोपच्या आयपीसमागे स्मार्टफोन घट्ट बसवायचा, दूरचा पक्षी किंवा प्राणी फोनच्या पडद्यावर आणायचा आणि डोळा आयपीसला न लावता त्याच्याकडे हवा तितका वेळ पाहत राहायचे, ही रीत आज जगभरच्या निसर्गनिरीक्षकांमध्ये रूढ झाली आहे. डिजिटल कॅमेरा आणि स्कोप यांच्या या जोडकामाला डिजिस्कोपिंग म्हणतात. त्याचा इतिहास बहुधा छायाचित्रणाचा इतिहास म्हणून सांगितला जातो आणि त्यामुळे त्याची अर्धी बाजू झाकलेली राहते. दुर्बिणीतून पाहणे हे जवळजवळ चारशे वर्षे एका वेळी एकाच माणसाचे आणि बहुतेकदा त्याच्या एकाच डोळ्याचे काम होते. पडद्याने ते अनेकांचे केले. फोटो ही या रीतीची मिळकत खरी, पण तिने निसर्ग पाहण्याच्या सवयीत घडवलेला बदल त्याहून मोठा आहे.

दुर्बिणीची पहिली लेखी नोंद १६०८ सालची आहे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये नेदरलँड्समधील चष्मे बनवणारा हान्स लिपरशे याने हेग येथे तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढच्याच वर्षी गॅलिलिओने स्वतःची दुर्बीण घडवून ती आकाशाकडे वळवली. दुर्बिणीतली प्रतिमा डोळ्याबाहेर काढून एखाद्या पृष्ठभागावर पाहण्याची युक्तीही त्याच पिढीत निघाली. गॅलिलिओचा शिष्य बेनेदेत्तो कास्तेली याने १६१२च्या सुमारास दुर्बीण सूर्याकडे रोखून आयपीसमागे कागद धरला. त्यावर सूर्याचे बिंब उमटले आणि त्यावरचे डाग पेन्सिलीने गिरवता आले. क्रिस्टोफ शायनर या जेझुइट धर्मगुरूने याच तत्त्वावर सूर्य पाहण्याचे खास यंत्र बनवले. डोळ्याला इजा नाही, बरोबरीच्यांनाही तेच दिसते आणि तासन्‌तास पाहता येते, असे पडद्यावर पाहण्याचे तिन्ही फायदे या कागदात होते. मात्र ही युक्ती फक्त सूर्यासाठी चालत होती. दुर्बिणीतून आलेला प्रकाश कागदावर पसरला की इतका मंद होतो की झाडावरचा पक्षी किंवा डोंगरउतारावरचे हरीण त्यावर दिसणे शक्य नव्हते. वन्यजीव पाहणाऱ्यांना पडद्यासाठी पुढची पावणेचारशे वर्षे थांबावे लागले, त्याचे कारण हेच. मंद प्रकाश टिपून तो पुन्हा उजळ करून दाखवणारे साधन तोवर नव्हते.

जमिनीवर वापरायच्या दुर्बिणीचा विकास आकाशाच्या दुर्बिणीपेक्षा वेगळ्या वाटेने झाला. आकाशात प्रतिमा उलटी दिसली तरी बिघडत नाही. जमिनीवर ती सुलट हवी, आणि त्यासाठी नळीत आणखी भिंगे घालावी लागत. त्यामुळे नळी लांब होई. एकात एक सरकणाऱ्या पितळी नळ्यांची घडीची दुर्बीण हा त्यावरचा तोडगा होता. समुद्रावर ती कप्तानाच्या हातात असे, आणि एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात हरणांच्या शिकारीवर जाणाऱ्या वाटाड्यांच्या हातात ती आली. जनावरांच्या निरीक्षणाची खरी शिस्त या वाटाड्यांनी घडवली. ते जमिनीवर पाठ टेकून पडत, गुडघे उभे करून त्यावर किंवा काठीच्या आधारावर दुर्बीण टेकवत आणि समोरचा डोंगर वरपासून खालपर्यंत पट्ट्यापट्ट्याने तपासत. एकेका उतारावर बराच वेळ जाई. हे कौशल्य इतके नावाजले गेले की बोअर युद्धाच्या वेळी, १९०० साली, लॉर्ड लोव्हॅट यांनी अशाच वाटाड्यांची आणि शिकाऱ्यांची ‘लोव्हॅट स्काउट्स’ ही पलटण उभी केली. पहिल्या महायुद्धात याच पलटणीतल्या माणसांनी शत्रूच्या खंदकांवर दुर्बिणीतून पाळत ठेवण्याचे काम केले. तेव्हाची लष्करी स्काउट दुर्बीण साधारण २० पट मोठे दाखवत असे. युद्धानंतर सैन्याने विकायला काढलेल्या अशा पितळी दुर्बिणी ब्रिटनमधल्या पक्षिनिरीक्षकांच्या कित्येक वर्षे उपयोगी पडल्या.

नळी आखूड करण्याचे काम प्रिझमने केले. इटलीतील इग्नाझिओ पोरो यांनी १८५४ साली प्रतिमा सुलट करणाऱ्या प्रिझमरचनेचे पेटंट घेतले. जर्मनीतील झाइस कंपनीने १८९४ पासून प्रिझमच्या जोडदुर्बिणी बाजारात आणल्या. एका डोळ्याची, प्रिझमची, ट्रायपॉडवर बसणारी आखूड दुर्बीण, म्हणजेच स्पॉटिंग स्कोप, नेमबाजीच्या मैदानांवर रुळली, कारण तिथे दूरच्या लक्ष्यावर गोळी नेमकी कुठे लागली हे जागेवरून पाहायचे असे. पाणथळ जागी आणि समुद्रकिनाऱ्यावर जोडदुर्बीण अपुरी पडू लागली तसे हे साधन पक्षिनिरीक्षकांनी उचलले. चिखलात चरणाऱ्या तुतारी आणि चिखल्या जातीच्या पक्ष्यांमधले बारीक फरक आठ किंवा दहा पट मोठे करून कळत नाहीत. त्यांना वीस ते साठ पट मोठेपणा आणि स्थिर आधार हे दोन्ही लागतात. जपानच्या कोवा कंपनीने ७७ मिलिमीटरचे दर्शनी भिंग असलेले स्कोप काढले आणि त्यांतल्या काहींमध्ये फ्लोराइट स्फटिकाचे भिंग घातले. साध्या काचेतून मोठ्या विवर्धनाला पक्ष्याच्या कडेभोवती जांभळी-हिरवी झालर दिसते, ती या भिंगाने जवळजवळ नाहीशी झाली. डोळा ही झालर काही प्रमाणात खपवून घेतो. कॅमेरा घेत नाही. पुढे डिजिस्कोपिंगला चांगले स्कोप तयार सापडले ते या सुधारणांमुळे.

एका डोळ्याच्या साधनाची अडचण सर्वांत ठळकपणे दिसली ती स्कॉटलंडमध्येच. मासे पकडून खाणारा ऑस्प्रे हा शिकारी पक्षी ब्रिटनमधून विणीपुरता नाहीसा झाला होता. १९५४ साली लॉख गार्टन या सरोवराच्या परिसरात एक जोडी परतली. १९५८ मध्ये पहाऱ्याला चकवून तिची अंडी चोरली गेली. त्यानंतर पक्षिसंरक्षणाचे काम करणाऱ्या ‘रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्‌स’ या संस्थेचे जॉर्ज वॉटरस्टन यांनी तोवरच्या सगळ्या संकेतांविरुद्ध जाणारा निर्णय घेतला. घरट्याची जागा लपवण्याऐवजी त्यांनी ती १९५९ मध्ये लोकांना खुली केली. दूर अंतरावर निरीक्षण-चौकी उभारली आणि तिथे दुर्बिणी बसवल्या. त्या मोसमात सुमारे १४,००० माणसे आली आणि घरट्यातली पिल्ले सुखरूप उडाली. लोकांना दाखवल्याने पक्षी वाचतो, हा विचार वन्यजीव संरक्षणात इथून पक्का झाला. पण रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याला दुर्बीण काही क्षणांपुरतीच येई, आणि तो आयपीसला डोळा लावेपर्यंत पक्षी मान वळवून बसलेला असे. घरट्याजवळचे व्हिडिओ कॅमेरे आणि चौकीतले पडदे पुढे आले तेव्हा ही अडचण त्या एका जागेपुरती सुटली. तारा ओढता येतील अशी कायमची जागा आणि पैसा या दोन्ही गोष्टी त्याला लागत होत्या. रानात फिरणाऱ्याला त्याचा उपयोग नव्हता.

फिल्मचा कॅमेरा स्कोपला जोडण्याचे प्रयोग बरेच झाले आणि ते बहुतेक फसले. त्यामागे साधे गणित आहे. स्कोपमधून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी म्हणजे दर्शनी भिंगाच्या व्यासाला विवर्धनाने भागून येणारा आकडा. ८० मिलिमीटरच्या स्कोपवर २० पट विवर्धन असेल तर हा झोत ४ मिलिमीटरचा असतो, आणि ६० पट असेल तर जेमतेम १.३ मिलिमीटरचा. माणसाच्या बुबुळातली बाहुली याच मापाची असते, म्हणून डोळ्याला तो पुरतो. ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्याची नेहमीची ५० मिलिमीटरची लेन्स मात्र २५ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असते. तिच्या मधोमध चार मिलिमीटरचा झोत पडला की चित्राच्या कडा काळ्या पडतात. शिवाय २० पटींच्या स्कोपमागे अशी लेन्स लावली तर जोडणीची फोकल लेंग्थ १,००० मिलिमीटर आणि छिद्र एफ/१२.५ इतके बारीक होते. त्या काळच्या मंद रंगीत फिल्मवर दाट झाडीत फोटो काढायचा तर शटर सेकंदाचा मोठा भाग उघडे ठेवावे लागे, आणि कॅमेऱ्यातला आरसा वर उचलला जाण्याचा धक्का सगळे हलवून टाकी. फिल्म धुऊन आल्याशिवाय काय मिळाले ते कळत नसे. चुका सुधारायला वाव न देणारी ही पद्धत थोड्या चिकाटीच्या लोकांपुरतीच राहिली.

१९९९ साली निकॉनचा कूलपिक्स ९५० हा डिजिटल कॅमेरा बाजारात आला. पक्षिनिरीक्षक त्याच्या निर्मात्यांच्या मनातही नसावेत, पण त्याची प्रत्येक विचित्र गोष्ट त्यांच्या पथ्यावर पडली. त्यातला संवेदक फिल्मच्या चौकटीपेक्षा खूपच लहान होता, म्हणून लेन्सही लहान होती आणि तिचे छिद्र स्कोपच्या झोताच्या जवळपास मापाचे होते. झूम करताना लेन्स बाहेर येत नसे. ती अंगातल्या अंगात सरके, त्यामुळे आयपीसला टेकवून ठेवता येई. लेन्सपुढे २८ मिलिमीटरचे आटे होते आणि त्यांवर जोडनळी फिरवून बसवता येई. कॅमेऱ्याचे अंग दोन भागांचे होते आणि ते एकमेकांवर फिरत. लेन्सचा भाग आयपीसकडे ठेवून पडद्याचा भाग हवा तसा वळवता येई. वीस लाखांच्या आसपास पिक्सेल म्हणजे आजच्या मानाने फारच थोडे, पण पुस्तकात छापण्याजोगा लहान फोटो त्यातून निघे.

मलेशियातले पक्षिनिरीक्षक लॉरेन्स पो यांनी त्याच वर्षी हा कॅमेरा आपल्या लायका स्कोपच्या आयपीसला लावून पाहिला. ही गोष्ट जवळजवळ योगायोगाने घडली, पण पुढचे काम योगायोगाचे नव्हते. आपल्या फोटोंबरोबर त्यांनी त्यामागची रीतही इंटरनेटवरून खुलेपणाने सांगितली, आणि युरोप-अमेरिकेतल्या पक्षिनिरीक्षकांनी ती झपाट्याने उचलली. डिजिस्कोपिंग हा शब्द त्याच सुमारास आलँ फोस्से या फ्रेंच पक्षिनिरीक्षकाने रूढ केला.

हा शोध मलेशियात लागला याला एक पार्श्वभूमी आहे. विषुववृत्ताजवळच्या घनदाट जंगलात पक्षी उंच छताशी असतात, प्रकाश अपुरा असतो आणि मोठ्या टेलिफोटो लेन्सची किंमत व वजन दोन्ही परवडण्यापलीकडचे असते. याच देशाने एका पिढीआधी लोक वान थो हे पक्षिछायाचित्रकार दिले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते भारतात आले, सलीम अलींशी त्यांची मैत्री जमली, अलींच्या मोहिमांना त्यांनी आर्थिक मदत केली आणि त्यांच्याबरोबर रानोमाळ हिंडलेही. १९५७ साली त्यांचे पक्ष्यांवरचे पुस्तक निघाले. लोक हे धनाढ्य उद्योजक होते. उत्तम साधने, मचाणे, मदतनीस हे सारे त्यांना उभे करता येई. पो यांच्या युक्तीने तेच काम, तितक्या देखणेपणाने नव्हे पण ओळख पटण्याइतक्या स्पष्टपणे, नोकरदार माणसाच्या आवाक्यात आणले. वन्यजीव छायाचित्रणाच्या इतिहासात या बदलाला मिळते त्यापेक्षा मोठी जागा मिळायला हवी.

पुढची काही वर्षे कूलपिक्सच्या ९९०, ९९५ आणि ४५०० या मॉडेलांना निरीक्षकांमध्ये मोठी मागणी होती. सुरुवातीचे जोड लोकांनी घरीच केले. प्लंबिंगच्या नळ्यांचे तुकडे, औषधाच्या बाटल्यांची झाकणे, फिल्मच्या डब्या आणि रबरी वायसर यांतून आयपीसवर बसणारी टोपणे तयार झाली. मग लहान कारखान्यांनी धातूचे नेमके जोड काढले, आणि शेवटी स्वारोव्स्की, लायका, झाइस आणि कोवा या स्कोप बनवणाऱ्या कंपन्यांनीही स्वतःचे जोड आणले. झाइसने तर कॅमेरा आतच बसवलेला स्कोप काढला. तो महाग होता आणि कॅमेऱ्याचे तंत्र दरवर्षी पुढे जात असल्याने स्कोपच्या आयुष्याच्या मानाने लवकर जुना झाला. चांगला स्कोप वीस-पंचवीस वर्षे वापरला जातो, डिजिटल कॅमेरा तीन-चार वर्षांत मागे पडतो. हे दोन्ही एकाच डब्यात कायमचे बंद करू नयेत, हा धडा त्यातून मिळाला.

फिरत्या अंगाचे ते छोटे कॅमेरे मागे पडल्यावर डिजिस्कोपिंगला उतरती कळा लागली. नव्या छोट्या कॅमेऱ्यांच्या लेन्स चालू करताच बाहेर येत आणि आयपीसवर आदळत. झूम मोठे झाले तशी लेन्समधली काच वाढली आणि काळ्या कडा पुन्हा दिसू लागल्या. आरशाचे डिजिटल कॅमेरे आणि लांब लेन्स स्वस्त होत गेल्या. उडत्या पक्ष्यासाठी त्या केव्हाही सरस होत्या, आणि बरेच जण तिकडे वळले.

फोनने ही वाट पुन्हा उघडली. २००७च्या पहिल्या आयफोनला व्हिडिओ घेता येत नव्हता आणि त्याचा कॅमेरा २० लाख पिक्सेलांचा होता. २००९च्या मॉडेलमध्ये व्हिडिओ आला, आणि २०१० च्या आयफोन ४ मध्ये ५० लाख पिक्सेल आणि बारीक रेषांचा तेजस्वी पडदा. फोनची लेन्स मुळातच इवलीशी असते. तिचे छिद्र दोन ते चार मिलिमीटरच्या घरात, म्हणजे स्कोपच्या झोतात बसणारे. ती बाहेर येत नाही, तिच्यात हलणारा आरसा नाही, आणि फोनचे वजन इतके कमी की स्कोपचा तोल बिघडत नाही. कूलपिक्समध्ये योगायोगाने जमून आलेले सगळे गुण फोनमध्ये रचनेतच होते. शिवाय पडदा तीन ते सहा इंचांचा होता. कूलपिक्सच्या दोन इंची पडद्यावर फोकस कसाबसा तपासता येई. फोनच्या पडद्यावर थांबून पाहता येऊ लागले.

काही वर्षांत ठरावीक फोनसाठी घडवलेली कवचे निघाली. त्यांच्या पाठीला नेमक्या जागी कडे असते आणि ते आयपीसवर सरकवले की लेन्स आपोआप मधोमध येते. दर नव्या फोनबरोबर कवच बदलावे लागते, म्हणून कोणताही फोन पकडणारे आणि स्क्रूने मागेपुढे सरकणारे जोडही आले. हे दुसरे स्वस्त असतात, पण दरवेळी लेन्स आणि आयपीस जुळवण्यात वेळ जातो आणि तेवढ्यात पक्षी उडतो. आज जास्त डोकेदुखी होते ती अनेक लेन्सच्या फोनची. प्रकाश कमी झाला किंवा जवळ काही आले असे वाटले की फोन आपण होऊन दुसऱ्या लेन्सकडे जातो, आणि ती लेन्स आयपीससमोर नसल्याने पडदा काळा होतो. म्हणून अनुभवी लोक एकच लेन्स पक्की धरून ठेवणारे ॲप वापरतात.

वापरातल्या बाकीच्या गोष्टीही अनुभवातून ठरत गेल्या. फोनची मुख्य लेन्स रुंद कोनाची असते, त्यामुळे पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवरचे गोल चित्र दिसते. फोनवर दीड-दोन पट झूम केले की पडदा भरतो. स्कोपचे विवर्धन मात्र २० ते ३० पटीच ठेवणे बरे. त्यापुढे झोत फोनच्या छिद्राहून बारीक होतो, चित्र काळवंडते आणि वाऱ्याची प्रत्येक झुळूक पडद्यावर दिसते. आधी डोळ्याने स्कोपचा फोकस करायचा, मग फोन चढवायचा आणि पडद्यावर पुन्हा बारीक फोकस साधायचा. प्रकाशाचे आणि फोकसचे माप बोट दाबून बांधून ठेवायचे, नाहीतर पांढऱ्या बगळ्यावर फोन सारखा गोंधळतो. बटण पडद्यावर न दाबता इअरफोनच्या वायरीवरून किंवा ब्लूटूथ रिमोटने दाबायचे. दुपारच्या उन्हात पडदा दिसत नाही, तेव्हा छत्री किंवा काळे कापड लागते. तासभर पडदा पूर्ण उजेडात चालू ठेवला की बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून ट्रायपॉडला पॉवर बँक बांधलेली असते. दुपारी तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेच्या लहरींवर मात्र कोणतेही साधन उपाय करू शकत नाही. सकाळ हीच दूरच्या निरीक्षणाची वेळ आहे.

लांबवर आणि दीर्घकाळ पाहण्याची ही रीत जिथे सर्वांत रुजली, त्यांपैकी एक जागा म्हणजे अमेरिकेतले यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान. तिथले शेवटचे लांडगे १९२६च्या सुमारास मारले गेले होते. १९९५ आणि १९९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडले गेले, आणि लामार खोऱ्यातल्या रस्त्याच्या कडेला पहाटेपासून स्कोप मांडून बसणाऱ्यांची एक वस्तीच तयार झाली. लांडगे बहुतेकदा एक-दोन किलोमीटरवर असतात आणि नियमाप्रमाणे त्यांच्यापासून किमान ९१ मीटर दूर राहावेच लागते. तिथले रिक मॅकिन्टायर यांच्यासारखे निरीक्षक वर्षानुवर्षे रोज उभे राहून एकेका कळपाचे आयुष्य लिहीत आले. स्कोपवाल्यांनी अनोळखी प्रवाशांना डोकावू देण्याची तिथली पद्धत जुनीच. फोन आल्यावर एका स्कोपभोवती आठ-दहा माणसांना गुहेबाहेर खेळणारी पिल्ले एकाच वेळी दिसू लागली. कोस्टा रिकात क्वेत्झाल पक्षी दाखवणारे वाटाडे पर्यटकाचाच फोन घेऊन स्कोपला टेकवतात आणि फोटो काढून परत देतात. त्यांच्या व्यवसायात हे कौशल्य आता गृहीतच धरले जाते.

भारतात या रीतीची सर्वांत खरी जागा लडाख आहे. २०१९ ते २०२३ या काळात झालेल्या देशव्यापी गणनेत भारतात ७१८ हिमबिबटे असल्याचा अंदाज निघाला, आणि त्यांतले ४७७ एकट्या लडाखमध्ये. हेमिस राष्ट्रीय उद्यानातल्या रुम्बक गावात २०००नंतरच्या पहिल्या काही वर्षांत गावकऱ्यांच्या घरी पाहुणे ठेवण्याची योजना सुरू झाली. मेंढ्या मारणारा शत्रू असलेला हिमबिबट्या त्यातून उत्पन्न देणारा प्राणी झाला. गावातले तरुण हिवाळ्यात पहाटे कड्यावर स्कोप लावतात आणि समोरचा डोंगर इंचाइंचाने तपासतात. स्कॉटिश वाटाड्यांनी दीडशे वर्षांपूर्वी केले तेच हे काम आहे. जनावर सापडते तेव्हा ते सहसा पलीकडच्या उतारावर झोपलेले असते आणि चार-चार तास हलत नाही. उणे पंधरा-वीस अंशांत प्रत्येकाने हातमोजे काढून, चष्मा सावरून आयपीसशी झगडण्यापेक्षा पडद्यावर आळीपाळीने नजर ठेवणे सोपे जाते. जनावर उठले की पडद्याजवळचा माणूस हाक देतो. थंडीत फोन मात्र अचानक बंद पडतात, म्हणून बॅटऱ्या अंगाशी धरून उबदार ठेवाव्या लागतात.

महाराष्ट्रात वाघांच्या जंगलांमध्ये या साधनाला फारसा वाव नाही. सफारीच्या जीपमध्ये स्कोप स्थिर राहत नाही आणि खाली उतरायला परवानगी नसते. भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी पाहायला जाणारे बहुतेक जण होडीतून जातात. होडी डुलते, म्हणून तिथेही हातातला कॅमेराच चालतो. स्कोपची जागा काठावर आहे. नांदूर मधमेश्वरचे निरीक्षण-मनोरे, ठाणे खाडीचा किनारा, विदर्भातल्या तलावांचे बांध या ठिकाणी ओहोटीच्या किंवा सकाळच्या वेळी शांत बसून हजारो पक्ष्यांच्या थव्यातला एकेक पक्षी पाहता येतो. रायगड जिल्ह्यात गिधाडांची घरटी दुरून तपासण्यासाठीही हेच साधन योग्य, कारण झाडाखाली माणूस गेला की गिधाड अंडे सोडून उठू शकते.

पडद्याचा शास्त्रीय उपयोग स्थलांतराच्या अभ्यासात फार मोठा झाला. पक्ष्यांच्या पायांत रंगीत कडी किंवा गळ्यात अक्षरे लिहिलेले पट्टे घालून सोडतात. मंगोलियात असे पट्टे घातलेले पट्टकादंब विदर्भातल्या तलावांवर दिसल्याच्या नोंदी आहेत. पट्ट्यावरची अक्षरे दोनशे मीटरवरून, तीही हलत्या मानेवर, डोळ्याने वाचताना चूक सहज होते, आणि एका अक्षराच्या चुकीने पक्षी बदलतो. स्कोपमागच्या फोनने दोन मिनिटांचा व्हिडिओ घेतला तर त्यातल्या एखाद्या चौकटीत पट्टा सरळ समोर आलेला सापडतो. तो मोठा करून दोघांनी स्वतंत्रपणे वाचता येतो. २००२ मध्ये सुरू झालेल्या ईबर्ड या नोंदमंचावर २०१५ पासून नोंदीबरोबर फोटोही जोडता येतात. दुर्मीळ पक्ष्याची नोंद तपासणाऱ्याला धूसर का होईना, पुरावा मिळतो. पूर्वी अशा नोंदी निरीक्षकाच्या नावलौकिकावर स्वीकारल्या किंवा नाकारल्या जात. नवख्या माणसावर त्यात अन्याय होई, आणि तो दूर होण्यात फोनचा वाटा मोठा आहे.

ज्यांना आयपीसमधून पाहणे जमतच नाही अशांसाठी तर पडदा हाच एकमेव मार्ग ठरला. लहान मुलांना एक डोळा मिटून दुसरा नेमक्या अंतरावर धरणे साधत नाही. ती ‘दिसला’ म्हणतात, पण त्यांना पापणीची सावलीच दिसत असते. जाड चष्म्याचे लोक, मान वाकवता न येणारी वृद्ध माणसे, चाकाच्या खुर्चीवर बसलेली माणसे यांनाही हाच अनुभव येई. शाळेच्या सहलीत शिक्षकाला आता पडद्यावर बोट ठेवून चोचीचा आकार, पायांचा रंग, खाण्याची पद्धत दाखवता येते आणि मूल तेच पाहत आहे याची खात्री करता येते.

तरीही डोळ्याने थेट पाहण्याची जागा पडद्याला घेता आलेली नाही. चांगल्या स्कोपमधून डोळ्याला दिसणारे तपशील, सावलीतले रंग आणि खोली पडद्यावर उतरत नाहीत. फोन चित्र स्वतःहून गुळगुळीत आणि भडक करतो, आणि पिसांवरच्या बारीक रेषा त्यात पुसल्या जातात. तुतारी जातीच्या पक्ष्यांची ओळख अशा रेषांवरच ठरते. पक्षी उडाला तर पडद्यावर त्याचा माग ठेवणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून जाणकार लोक झटक्यात निघणारे जोड पसंत करतात. शोधायचे आणि ओळखायचे डोळ्याने, मग बसलेल्या जनावराच्या हालचाली पाहत राहायला फोन चढवायचा, असा क्रम आता बहुतेक ठिकाणी स्थिर झाला आहे.

अलीकडे फोनलाच लांब पल्ल्याच्या लेन्स येऊ लागल्या आहेत, आणि स्वारोव्स्कीने २०२४ मध्ये समोरचा पक्षी ओळखून त्याचे नाव आतच दाखवणारी जोडदुर्बीणही बाजारात आणली. फोनची लांब लेन्स कितीही सुधारली तरी तिचे छिद्र काही मिलिमीटरचेच राहते, तर स्कोपचे दर्शनी भिंग ६० ते ९० मिलिमीटरचे असते. दूरच्या वस्तूचा बारकावा शेवटी या व्यासावर ठरतो. त्यामुळे किलोमीटरभर अंतरावरच्या जनावरासाठी स्कोप आणि त्यामागे फोन ही जोडी अजून वापरात आहे, आणि दर दोन-तीन वर्षांनी त्यातला फक्त फोन आणि त्याचे कवच बदलते.